डॅन्यूबकाठची सायकल गंगाखेडला आणावी का?

गोदातीर

नमस्कार मंडळी,

सध्या मी म्युनिकला मुलाकडे आहे. जुलैत पासाउ ते बुडापेस्ट असा डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलप्रवास केला. सहाशे किलोमीटरच्या वर अंतर झालं, चौदा दिवस लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली आहेत. पहिले तीन दिवस मुलगा सोबत होता. लिंझला पोहोचल्यावर त्याला कामावर परतावं लागलं, पुढचं सगळं मी एकटीने केलं. प्रवासवर्णन सवडीने लिहीनच. आत्ता प्रश्न सायकलीचा आहे.

ही सायकल मी इथल्या एका आजींकडून जुनी म्हणून २८० युरोला घेतली. बायकांची आहे, खाली उतरत्या दांड्याची. आठ गिअर आहेत आणि ते सगळे मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, आत. पुढच्या हबमध्ये डायनॅमो, मागे भक्कम कॅरिअर, दोन्ही चाकांवर मडगार्ड. पेडल उलटं दाबलं की मागचा ब्रेक लागतो. वजन १७ किलो. चौदा दिवसांत एकही पंक्चर नाही.

मुलगा महिनाअखेरीस घर बदलतो आहे. नव्या घराला तळघर नाही, त्यामुळे सायकल इथे ठेवता येणार नाही. माझं विमान त्याआधी चार दिवस आहे. मुंबईपर्यंत विमान, पुढे देवगिरी एक्सप्रेसने परभणी आणि तिथून गंगाखेड.

विकून टाकू, कुणाला देऊन टाकू, की घेऊन येऊ? मुलगा म्हणतो, "आई, तिकडे दहा-बारा हजारांत नवी मिळेल, कशाला एवढा खटाटोप?" त्याचं चूक नाही. पण रोज सकाळी तळघरात जाऊन मी तिला एकदा पाहून येते. अनुभवी लोकांनी सांगावं.

सीताफळ

आणा. यात विचारायचं काय?

मोसंबी

ताई, आधी अभिनंदन. एकटीने सहाशे किलोमीटर म्हणजे खायचं काम नाही.

आता माझं मत. विका. मी हनोईत सायकल घेतली होती, सायगावला पोहोचून तिथेच विकली. दोन्ही शहरांतलं अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास. त्या सायकलीने माझी फार सेवा केली. तरी विकताना विचार हाच केला की इथे तिचं काम संपलं, आता दुसऱ्या कुणाचं तरी सुरू होऊ दे. अर्ध्याहून जास्त पैसे परत आले. त्या पैशांत जालन्यात येऊन हायब्रीड सायकल घेतली. तिचा प्रत्येक सुटा भाग मला संभाजीनगरला मिळतो.

तुमच्या सायकलीच्या मागच्या हबमध्ये गिअर आहेत. तो हब बिघडला तर गंगाखेडात कोण उघडणार? हा प्रश्न आधी सोडवा, मग मायेचं बघू.

दख्खनी_डबलसीट

वाचतोय. चहा ठेवलाय.

औसा_ते_ओसाका

मी सहा वर्षं जपानात होतो. तिथे सायकल सोडून देणं हेच एक मोठं काम असतं. प्रत्येक सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी असते, दुसऱ्याला देताना ती त्याच्या नावावर करून द्यावी लागते. टाकून द्यायची तर मोठ्या आकाराच्या कचऱ्यासाठी आधी वेळ घ्यायची, दुकानातून चिकट पावती विकत घ्यायची, ती सायकलीला लावायची आणि ठरल्या दिवशी सकाळी बाहेर ठेवायची. स्टेशनाबाहेर तशीच सोडली तर उचलून नेतात.

जर्मनीत अशी सक्तीची नोंदणी नाही. पण विकलीत किंवा दिलीत तरी एका कागदावर फ्रेम नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या. युरोपात सायकलचोऱ्या भरपूर. उद्या त्या माणसाला कुणी अडवलं तर त्याच्याकडे कागद असावा. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली बाहेर काढतात, म्हणजे लोक काय काय करत असतील बघा. तुम्ही आजींकडून घेतली तेव्हा काही लिहून घेतलं होतं का?

गोदातीर

@औसा_ते_ओसाका, हो. आजींनी स्वतःहून कागद लिहून दिला. फ्रेम नंबर, किंमत, सही, सगळं आहे. वर त्यांनी सायकलीचा पंप आणि जुन्या टायरची एक पट्टी दिली. टायर फाटलाच तर आतून लावायला.

@मोसंबी, हबचा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. जाणकार आहेत का कुणी?

सराटा

आलो, आलो. वडिलांचं परभणीत सायकलचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी तासावर सायकली दिल्या आणि पंक्चरं काढली. मी दुसऱ्या धंद्यात गेलो तरी हात अजून वंगणातच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट टायर. तुमच्या टायरच्या कडेला बारीक अक्षरात ४२-६२२ किंवा तसलं काही लिहिलेलं असेल. त्यातला ६२२ हा आकडा महत्त्वाचा. तिकडे त्याला २८ इंची म्हणतात आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलीलाही आपण २८ इंचीच म्हणतो. पण आपल्यावाली ६३५ची असते. १३ मिलिमीटरचा फरक पडतो. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. लोक नाव ऐकून टायर आणतात आणि मग दुकानदाराशी भांडतात. ६२२ला इकडे ७०० सी म्हणतात. हायब्रीड सायकलींमुळे तो आता संभाजीनगर, नांदेड, लातूरला मिळतो. गंगाखेडात मागवावा लागेल. येताना दोन ट्यूब आणि एक टायर घेऊन या, चार वर्षं बघायला नको.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्ह. जर्मनीतल्या अशा सायकलींना बहुतेक वेळा आपल्या जुन्या सायकलीसारखाच डनलॉप व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडच्या कुठल्याही पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसतो. रेसिंग सायकलीची बारीक नळी असते त्याला ॲडाप्टर लागतो. ती कटकट तुम्हाला नसावी. बघून सांगा.

तिसरं, हबमधले गिअर. मोसंबीभाऊ, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बिघडला तर गावात उघडणार नाही. पण तो बिघडतो कमी. बाहेरच्या गिअरला धूळ, चिखल, उसाच्या पाचटाचे तुकडे सगळं लागतं, डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वाकतो, चेन उतरते. हबच्या आत काहीच जात नाही. आपल्या फुफाट्यात उलट तोच बरा. फक्त तिला पाण्यात बुडवू नका आणि गिअरची वायर ताणून बसवायची खूण कुठे आहे ते मुलाकडून शिकून घ्या. हबवर दोन रंगीत रेघा असतात, एका ठरलेल्या गिअरला त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. एवढं जमलं की झालं.

अडचण एकच. मागचं चाक काढायचं म्हटलं तर गिअरची वायर सोडा, ब्रेकचा हात सोडा, नट सोडा, असा व्याप आहे. पण आपला पंक्चरवाला कधी चाक काढतो का? टायर एका बाजूने उतरवतो, ट्यूब बाहेर ओढतो, पाण्यात बघतो, घासतो, सोल्युशन लावतो, ठिगळ मारतो. चाक जागेवरच. वडील म्हणायचे, चाक काढणारा पंक्चरवाला म्हणजे शिकाऊ.

आणि हो, चौदा दिवस पंक्चर नाही हे ऐकून आनंद झाला. इथे चौदा मिनिटं द्या. माझं नाव सराटा आहे ते उगाच नाही. बांधावरचा सराटा आणि वेड्या बाभळीचा काटा यांना जर्मन टायर काय आणि लुधियानाचा काय.

वसमतकर

@सराटा, जीव ओवाळून टाकावा असा प्रतिसाद. ६२२ आणि ६३५चं कोडं आज उलगडलं. माझ्या वडिलांच्या सायकलीला मी नवा टायर आणून दिला होता आणि तो बसलाच नव्हता. दुकानदाराला उगाच बोललो मी तेव्हा.

नळदुर्गचा_नरमादी

ताई, बॅटरीवाली नाही ना? बॅटरीवाली असेल तर विषय तिथेच संपला. १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेऊच देत नाहीत आणि इलेक्ट्रिक सायकलींच्या बहुतेक बॅटऱ्या त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात.

गोदातीर

नाही, नाही. बॅटरी माझ्या गुडघ्यांतच आहे. व्हॉल्व्ह आत्ता जाऊन पाहिला, आपल्यासारखाच आहे. टायरवर ४२-६२२ आहे. सराटाभाऊ, तुम्ही सायकल न बघता सांगितलंत!

हिमरू

मी नेदरलँड्सहून सायकल आणली आहे, तेव्हा माझा अनुभव.

आकार: बहुतेक विमान कंपन्यांत साध्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर चालतं. सायकलीचा खोका त्यापेक्षा मोठाच होतो. त्यामुळे ती "खेळाचं सामान" म्हणून आधी नोंदवावी लागते. काही कंपन्या २३ किलोच्या एका बॅगेऐवजी धरतात, काही वेगळे पैसे घेतात. फोन करून लेखी उत्तर मागवा. मी गृहीत धरून गेलो आणि काउंटरवर बरेच पैसे मोजले.

खोका: सायकलीच्या दुकानात नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात ते रिकामे खोके दुकानदार सहसा फुकट देतात. दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर रद्दीत जातात.

उघडणं: पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. इथे लोक जोर लावून आटे खातात. हँडल सैल करून आडवं फिरवा, सीट खाली. पुढचं चाक काढा आणि फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा आडवा तुकडा घाला. तो दुकानदाराकडेच मिळतो. खोक्यावर वजन पडलं तर फोर्क चेपत नाही. मी हे केलं नव्हतं. फोर्क वाचला, पण डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकून आला आणि पहिला आठवडा चेन तारांमध्ये जात राहिली. ताईंच्या सायकलीला डिरेलरच नाही, म्हणजे नेमकं मोडण्यासारखं तेच नाही.

कस्टम्स: २०१६च्या बॅगेज नियमांत युरोपातून येणाऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता येत होतं. निघायच्या आठवड्यात आजची मर्यादा बघून घ्या. तुमची सायकल २८० युरोची, म्हणजे त्यातही बसते. आजींचा तो कागद खोक्यात घालू नका, पर्समध्ये ठेवा.

आणि जे इथून सायकल घेऊन जातात त्यांच्यासाठी: जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परत येताना "ही कुठून घेतली?" या प्रश्नाला तेच उत्तर असतं.

औसा_ते_ओसाका

@हिमरू +१. अवांतर: न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी टायरच्या खाचांतली माती टूथब्रशने काढून जावं. मातीसोबत किडी-बिया जातात म्हणून विमानतळावर तपासतात.

नाथसागर

रेल्वेबद्दल मी सांगतो. मुंबईला सायकल "पार्सल" म्हणून देऊ नका, "लगेज" म्हणून द्या. तिकीट दाखवून लगेज बुक केलं की सामान तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, चढतं. पार्सल जागा असेल त्या गाडीने येतं, तुम्ही परभणीला आणि सायकल मनमाडला. खोक्यावर नाव, पीएनआर, "परभणी" चारी बाजूंनी लिहा. गाडी परभणीला फार वेळ थांबत नाही. उतरलात की आधी ब्रेकव्हॅनकडे पळा. कुणी न्यायला येणार असेल तर त्यालाच तिथे उभं करा.

दख्खनी_डबलसीट

मला एक सुचवायचंय. ताई शिक्षिका होत्या. आपल्याकडे तीन-चार किलोमीटर चालत शाळेला येणाऱ्या पोरी आहेत. तिथे विकून जे पैसे येतील त्यात इकडे एका मुलीला नवी सायकल घेऊन देता येईल, थोडी भर घातली तर दोघींना. सायकल आणण्याचा खर्चही वाचेल. डॅन्यूबच्या काठची पुण्याई गोदेच्या काठी उपयोगी पडेल.

सीताफळ

@दख्खनी_डबलसीट, हे चांगलं आहे, पण प्रत्येक बाईच्या आवडीच्या वस्तूचं लगेच दान का करायचं? पुरुषाने बुलेट आणली असती तर त्याला कुणी म्हटलं असतं का, विकून दोन पोरांच्या फिया भरा?

दख्खनी_डबलसीट

@सीताफळ, तसं म्हणायचं नव्हतं हो. पण तुमचा मुद्दा लागला. मागे घेत नाही, फक्त बाजूला ठेवतो.

गोदातीर

दख्खनीदादा, तुमची सूचना मला परकी नाही. नोकरीत असताना मानव विकास कार्यक्रमातून आमच्या शाळेच्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळायच्या, त्यातल्या कितीतरी माझ्या समोर वाटल्या गेल्या. त्या दिवशी वर्गात जो आवाज असायचा तो मी विसरणार नाही. पण एक वर्षानंतर काय होतं तेही पाहिलं आहे. पंक्चर झालं, ब्रेकची रबरं झिजली, चेन तुटली, आणि दुरुस्तीला पैसे नाहीत किंवा दुकान गावात नाही. मग सायकल गोठ्याच्या भिंतीला लागते आणि पोरगी पुन्हा चालायला लागते. कधी भाऊ घेऊन जातो. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी दर शनिवारी शाळेत पाना, सोल्युशन, ठिगळं आणि पंप घेऊन बसायचे. मुलींनाच पंक्चर काढायला शिकवलं. सातवीतली एक तर इतकी तरबेज झाली की गावातल्या मोटारसायकलीवाल्यांच्या ट्यूबा बघायला लागली.

त्यामुळे मुलींसाठी काही करायचं तर मी पैसे सायकलीत नाही, दुरुस्तीच्या सामानात घालीन. तो हिशोब वेगळा आहे आणि तो मी करतेच आहे. या सायकलीशी त्याची गाठ घालायला नको.

शिवाय ही सायकल उंच आहे आणि पेडलचा ब्रेक आहे. सवय नसलेलं मूल पेडल मागे फिरवायला जातं आणि जागच्या जागी थांबतं. पहिल्या दिवशी पासाउत माझंही तेच झालं, थोडक्यात बचावले.

वसमतकर

"मुलींनाच पंक्चर काढायला शिकवलं" या वाक्यासाठी दंडवत घ्या, बाई.

सराटा

बाई, गंगाखेडात कधीही ठिगळं, सोल्युशन संपलं तर निरोप द्या. वडिलांच्या दुकानातला माल अजून दोन पेट्या आहे. पैशाचं नाव काढायचं नाही.

नाथसागर

मला वेगळंच विचारायचंय. मी पैठणचा. ती डॅन्यूबकाठची वाट नेमकी कशी आहे? नदीला लागूनच रस्ता कुणी आणि कशाला बांधला?

गोदातीर

नाथसागरदादा, हेच मला चौदा दिवस पडलेलं कोडं होतं.

तो रस्ता सायकलींसाठी बांधलेलाच नव्हता. जुन्या काळी माल भरलेल्या होड्या प्रवाहाच्या विरुद्ध न्यायच्या तर काठावरून घोडे दोर लावून ओढायचे. त्या घोड्यांसाठी पाण्याला लागून सपाट वाट केली होती. वाफेच्या बोटी आल्या, घोडे गेले, वाट राहिली. आता तिच्यावर डांबर टाकलं आहे आणि सायकली जातात. म्हणून चढच नाही. डोंगर दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, नदी वळते, तुम्ही तिच्यासोबत वळता. श्लोगेनला नदी एवढी मोठी गिरकी घेते की वाट संपते, तिथे छोटी नाव सायकलीसकट पलीकडे नेते. पुढे वाखाउ नावाचं खोरं आहे. जुलैत तिथे जर्दाळू पिकतात, घराघरापुढे टेबल मांडून विकतात. मला आपल्या बालाघाटातल्या सीताफळांच्या टोपल्या आठवल्या. व्हिएन्नाच्या पुढे एका दिवसात ब्राटिस्लाव्हा येतं आणि देश बदललेला कळतही नाही.

मी गंगाखेडची. जनाबाईच्या गावाची. गोदावरीच्या घाटावर लहानपण गेलं. त्या वाटेवर रोज एकच विचार यायचा, की आपल्या नदीच्या काठाने मी कधी सलग पाच किलोमीटरसुद्धा गेलेली नाही. पूल ओलांडते, स्नानाला घाटावर उतरते, पण काठाने चालत कधी गेले? पैठणला गोदा वेगळी बघितली, नांदेडला वेगळी. मधली माहीत नाही.

नाथसागर

बाई, हे वाचून मी नकाशा उघडून बसलोय.

काठाने सलग रस्ता नाही, कारण आपली नदी वेगळी आहे. पावसाळ्यात दोन्ही काठ सोडून पसरते, उन्हाळ्यात डोह उरतात. जायकवाडीतून पाणी सोडलं की खालच्या वाटा एका रात्रीत पाण्याखाली जातात. पण गावावरून गावाला जाणारे रस्ते आहेत आणि ते नदीपासून फार लांब नाहीत. पैठणहून निघालात की आपेगाव, ज्ञानोबांचं. पुढे शहागड, तिथून गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन. माधवराव पेशव्यांनी १७६३ साली निजामाच्या फौजेला हरवलं ते हेच, शनीचं देऊळही आहे. मग मंजरथ, सिंदफणेचा संगम. मग सोनपेठच्या बाजूने तुमचं गंगाखेड. आणि शेवटी नांदेड. रोज चाळीस किलोमीटर धरले तर आठवड्याचं काम.

एक धोक्याची गोष्ट. काळी माती. पाऊस पडून गेलेल्या पांदीत सायकल घातली तर टायर आणि मडगार्डच्या मध्ये माती अशी भरते की चाक फिरतच नाही. काडीने उकरायची, दहा पावलं जायचं, परत उकरायची. तुमच्या सायकलीला मडगार्ड आहेत म्हणून सांगतो. दिवाळीनंतरच निघा.

सराटा

मडगार्ड सैल करून वर उचलता येतात. दोन बोटं जागा ठेवायची. आणा, मी करून देतो.

मोसंबी

धागा भावनेकडे झुकला म्हणून मी पुन्हा हिशोबाकडे येतो. गोदाकाठाने फिरायला सायकल लागते हे मान्य. हीच लागते हे अजून कुणी पटवलेलं नाही. विमानाचं भाडं, रेल्वेचं लगेज, जादा टायर-ट्यूब, शिवाय मोडतोडीचा धोका. तेवढ्यात आपल्या रस्त्यांची, आपल्या दुकानांची सायकल येते. मला ताईंचा प्रवास सुरू राहायला हवा आहे, म्हणूनच म्हणतोय. आणलेली सायकल एका सुट्या भागासाठी चार महिने उभी राहिली तर ती शोभेची होते. मी असं दोघांच्या घरी बघितलंय.

हिमरू

@मोसंबी यांचं म्हणणं हलक्यात घेऊ नये. माझीही पाच महिने उभी होती, त्या हँगरपायी.

ज्वारीची_भाकर

पहिल्यापासून वाचतेय, आत्ता लिहिते.

ताई, सगळे विचारतायत सायकल गंगाखेडला चालेल का. मला विचारायचंय, गंगाखेडात तुम्ही चालवाल का? रागवू नका. मी माजलगावची आहे. पुण्यात चार वर्षं रोज सायकलने कॉलेजला जायचे. लग्न होऊन परत आले आणि सायकल जिन्याखाली गेली. कुणी मनाई केली नाही. फक्त पहिल्या दिवशी कोपऱ्यावरचे चारजण बघत राहिले, दुसऱ्या दिवशी सासूबाईंना कुणी तरी विचारलं, "गाडी नाही का घरी?" तिसऱ्या दिवशी मी रिक्षाने गेले. त्याला आता नऊ वर्षं झाली. तुम्ही आणून तिला जिन्याखाली ठेवणार असाल तर मोसंबीदादा म्हणतात तेच बरं, तिथेच कुणी तरी चालवेल.

सीताफळ

अगदी मुळावर बोट ठेवलंत.

गोदातीर

ज्वारीची भाकर, राग कसला? दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण खरं उत्तर द्यायचं होतं.

मी सायकल शिकले चौदाव्या वर्षी, वडिलांच्या काळ्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून. नोकरीला लागले तेव्हा पहिली तीन वर्षं खेड्यातल्या शाळेत सायकलनेच जायचे. लग्नानंतर गंगाखेडात एकदाही नाही. तीस वर्षं. शनिवारी मुलींना पंक्चर शिकवायचे, पण सायकलवर बसायचे नाही. कुणी अडवलं नव्हतं, तुम्ही लिहिलंय तसंच. इथे येण्याआधी सराव केला तोसुद्धा पहाटे, रेल्वे स्टेशनकडच्या रस्त्यावर, शेजारच्या मुलाची सायकल मागून, उजाडायच्या आत घरी.

वाखाउत एका ठिकाणी जर्दाळू घ्यायला थांबले, तेव्हा माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या दोन बाया सायकलवरून उतरल्या. बाजाराच्या पिशव्या हँडलला. त्या सहलीला निघालेल्या नव्हत्या. भाजी घ्यायला आल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. मी तिथे बसून दोन जर्दाळू जास्तीचे खाल्ले, उठावंसंच वाटेना.

म्हणजे प्रश्न मी चुकीचा विचारला होता. सायकल आणावी का हे मी तुम्हाला विचारलं, पण तिच्यावर बसून मोंढ्यात भाजी आणायला जाईन का हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. आता विचारलं. जाईन.

आणि मोसंबीदादा, हीच का, तर तुमच्या हिशोबाला माझं एवढंच उत्तर आहे: हिच्यावर बसले की बघणाऱ्यांची फिकीर करायची माझी सवय मोडलेली असते. नव्या सायकलीवर ती नव्याने मोडावी लागेल आणि तेवढा धीर असेल का, सांगता येत नाही.

मोसंबी

पटलं. ताई, हिशोबात ही बाब मी धरलीच नव्हती. ब्रेकव्हॅनमधून उतरवायला परभणीला माणूस हवा असेल तर सांगा, जालन्याहून येतो.

ज्वारीची_भाकर

मी जिन्याखाली जाऊन आले. दोन्ही टायर बसलेत, चेन गंजलीय. सराटाभाऊ, गंजलेली चेन टाकून द्यायची का?

सराटा

आधी रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने घासा, कोरडी करा, मग तेलाचा एकेक थेंब प्रत्येक जोडाला. कड्या मोकळ्या वाकल्या तर चेन वाचली. अडकत राहिल्या तर बदला, फार महाग नसते. नऊ वर्षं उभी म्हणजे टायर कडेने चिरले असतील, ते मात्र बदलाच. हबमधले छर्रे आणि कटोऱ्याही बघून घ्या, ग्रीस वाळलेलं असणार.

गोदातीर

खोका मिळाला. दुकानदाराने फोर्कमध्ये घालायचा तुकडाही दिला. डावं पेडल हिमरूदादांनी सांगितलं तसं उलट फिरवलं, पहिल्या झटक्यात सुटलं. खोक्यासकट २१ किलो भरलं. विमान कंपनीचं लेखी उत्तर आलं आहे, एका बॅगेऐवजी धरणार. म्हणून कपड्यांची बॅग रद्द केली, कपडे सायकलीभोवतीच गुंडाळले. दोन ट्यूब आणि एक टायर तळाशी आहे. आजींना फोन करून सांगितलं की सायकल भारतात चालली. त्यांनी विचारलं, तिकडे नदी आहे का? म्हटलं, आहे.

नाथसागर

तुळशीच्या लग्नानंतर पैठणला या. नाथांच्या वाड्यापासून निघू. मी शहागडपर्यंत सोबत येतो, पुढचं तुमचं तुम्ही.

ज्वारीची_भाकर

मंजरथ माझ्याच तालुक्यात येतं. त्या दिवशी मी तिथे सायकलनेच येईन. चेन रॉकेलमध्ये आहे.